कागद अजून शेतात आहे

३ जून

व्याही,

नमस्कार. तुम्ही आणि विहीणबाई सुखरूप पोचलात ना? तुमच्या बसची मागची खिडकी बंद होत नव्हती, मी खालून पाहत होतो. विहीणबाईंना वारा लागला असेल. पत्र मिळालं की कळवा. नाही मिळालं तरी कळवा, म्हणजे मी दुसरं टाकीन.

फोन सोडून पत्र का लिहितो असं वाटेल. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी ओरडतो, आणि सूनबाई घरातच असते. घर केवढं आहे ते तुम्ही पाहिलंत. एका खोलीत खोकलं तर दुसऱ्या खोलीतलं माणूस पाणी घेऊन येतं.

निघताना तुम्ही म्हणालात की पोरीला थोडे दिवस आमच्याकडे घेऊन जातो. तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पोरगा गेल्यापासून माझं असंच होतं, समोरचा बोलून उठून जातो आणि मग मला उत्तर सुचतं. म्हणून आता लिहितो. आत्ता तिला नेऊ नका. कापूस कागदात आहे.

कागद म्हणजे प्लास्टिकच, पातळ, आरपार दिसणारा. आम्ही त्याला कागद म्हणतो. यंदा पोरानेच आणला. आमच्याकडे पेरणीच्या वेळी जमीन गार असते, बी आत कुजतं. कागद अंथरला की जमीन उबदार राहते, ओल टिकते, तणही येत नाही. मी त्याला म्हटलं, मातीला कोणी पांघरूण घालतं का? तो म्हणाला, बाबा, तुम्ही तीन पांघरुणं घेता तेव्हा मी काही बोलतो का?

बी पेरायचं, वर कागद ताणायचा, दोन्ही कडा मातीत दाबायच्या. कोंब वर आला की कागदाला चीर द्यायची, रोप हळूच बाहेर काढायचं आणि भोकाभोवती माती लावायची. हे लगेच करावं लागतं. उशीर झाला तर आतल्या वाफेने पानं शिजतात.

शेवटच्या पट्ट्याला कागद कमी पडला. तो रोल आणायला पोरगा गेला. मोटरसायकलवर रोल आडवा बांधला होता आणि मागून येणाऱ्या ट्रकचा कठडा रोलच्या टोकाला लागला. पुढचं तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही.

तुम्ही सगळे घरात बसला होतात तेव्हा शेतात कोंब वर येत होते. कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल, पण अशा घरात येऊन 'तुमचा कापूस शिजतोय' असं कोण सांगणार? सूनबाई बायकांतून उठून बाहेर गेली ते तुम्हाला आठवत असेल. विहीणबाई तिच्यामागे धावल्या होत्या, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. तसं काही नव्हतं. पोराचं दाढीचं ब्लेड घेऊन ती कागदाला चिरा द्यायला गेली होती. निम्म्या ओळी तोवर गेल्या होत्या, निम्म्या तिने वाचवल्या. मी दारातून पाहत होतो. उठून गेलो नाही.

तर कापूस घरात येऊ द्या, मग पाहू. तीही असंच म्हणते.

पाठीला काय लावता ते विहीणबाईंना विचारून कळवा. माझी धरते.

तुमचा व्याही


१७ जून

व्याहीबुवा यांस,

नमस्कार. पत्र मिळालं. खिडकी बंद झाली होती, मी वर्तमानपत्र कोंबलं.

तुमचं पत्र मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, कापसाचं सगळं कळलं, आता माझ्या लेकीचं वाचा. मी पत्र उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

मी जन्मभर कपडे शिवले. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की ते चालतं कसं यावरून मला त्याचं माप कळायचं. तुम्हीही मला नवीन नाही. तुम्ही काही वाईट माणूस नाही, हे मी लग्न ठरवतानाच हिला सांगितलं होतं. पण पोरीने आता तिथे कोणासाठी राहायचं? मूल नाही, तो नाही. तुमच्या घरात तुम्ही दोघं. सकाळी तुम्ही काय बोलता आणि संध्याकाळी काय बोलता?

आमच्या इथल्या मोठ्या दवाखान्यात कपड्यांचा विभाग आहे. चादरी, डॉक्टरांचे डगले, रुग्णांचे सदरे यांची शिलाई आणि दुरुस्ती तिथे होते. तिथली एक बाई निवृत्त होतेय. मुख्य बाई माझ्याकडूनच ब्लाउज शिवून घ्यायच्या, त्यांच्या कानावर मी घातलंय. पोरीचा हात मशीनवर चांगला आहे, लहानपणापासून माझ्याच पायापाशी बसून शिकलेली. घरापासून चालत जाण्याजोगं आहे. रोज चार बायका भेटतील, बोलतील, भांडतील. तिला माणसांत आणायला हवं.

'तीही असंच म्हणते' असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही तिला विचारलंत का?

ही पाठीला काही लावत नाही. ती मला बोलते, मग तिला बरं वाटतं.

तुमचा,
व्याही


११ जुलै

व्याही,

उत्तराला उशीर झाला. वारा सुटला होता. कागदाची एक कड उचलली गेली की वारा आत शिरतो आणि सगळा पट्टा फडफडत उठतो, रोपांसकट. म्हणून कडेने ढेकळं ठेवत हिंडावं लागतं. सूनबाई एका टोकाने येते, मी दुसऱ्या टोकाने. मध्ये गाठ पडते. ती विचारते, "उद्या कुठली ओळ?" मी सांगतो. तुम्ही विचारलंत की आम्ही काय बोलतो. हेच बोलतो.

तो रोल पोलिसांनी परत आणून दिला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. थोडा मळला होता, बाकी काही झालं नव्हतं. हवालदाराने अंगणात ठेवला आणि सही घेतली. मला वाटलं तो कुठेतरी नजरेआड ठेवावा. दुसऱ्या दिवशी सूनबाईने विचारलं, "मामंजी, शेवटचा पट्टा मोकळाच ठेवायचा का?" मग आम्ही दोघांनी तो अंथरला. एक टोक तिने धरलं, मी मागे मागे सरत गेलो. तिथला कापूस उशिरा पेरलेला, तरी आता गुडघ्याला लागतोय. आम्ही रडलो वगैरे नाही. कागद सरळ येतोय का एवढंच पाहत होतो.

दवाखान्यातल्या कामाचं वाचलं. काम चांगलं असेल. पण दवाखाना म्हटला की रोगराई आली. रुग्णांचे कपडे हाताळायचे, कोणाला काय झालंय कोणाला माहीत. दिवसभर मशीनवर वाकून मान धरते. तुमची मान धरली होती, तुम्हीच लग्नात सांगत होतात. शिवाय रस्ता ओलांडावा लागतो का? तिकडे ट्रक फार असतील.

पंपवाला आमचा शेजारी, त्याचा कागदावर विश्वास नाही. तो म्हणतो, कागदाखाली मुळं आळशी होतात, वरच राहतात, पहिलं पाणी देण्याआधी फाडून काढ. दुकानदार म्हणतो, वेचणी होईपर्यंत हात लावू नको. कोणाचं ऐकावं? पोराला विचारलं असतं. सूनबाई म्हणाली, "ठेवायचा म्हणाले होते." मग ठेवला.

ती वेळेवर जेवते. तब्येत ठीक आहे. विहीणबाईंना सांगा.

तिला विचारायचं आहे. योग्य वेळ पाहून विचारतो.

तुमचा व्याही


२ ऑगस्ट

व्याहीबुवा,

रस्ता ओलांडावा लागतो. मी तो चाळीस वर्षं ओलांडतोय.

मुख्य बाईंना भेटून आलो. वेचणी होईपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या, म्हणजे तोवर त्या निवृत्त बाई रोजावर येत राहतील. त्यांना मी काय सांगितलं ते ऐका: पोरीच्या सासऱ्याचा कापूस उभा आहे, त्याला एकट्याला झेपत नाही. त्या म्हणाल्या, भले लोक दिसता.

हिचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, फुकट मजूर मिळाला म्हणून ठेवून घेतलीय. मी तसं म्हणत नाही. पण मी तिला गप्पही करत नाही.

योग्य वेळ म्हणजे कोणती ते कळवा. माझ्या दुकानात एकजण पँट टाकून गेला होता, योग्य वेळी नेतो म्हणून. ती शेवटी मीच घातली.

वेचणीला मी येतो.

व्याही


२८ ऑगस्ट

व्याही,

जरूर या. विहीणबाईंनाही आणा. येताना गरम कपडे आणा, पहाटे गार असतं. जिन्याची तिसरी पायरी हलते, तेवढी सांभाळा, मी खिळा मारणार आहे.

फुलं आली. पहिल्या दिवशी पांढरी, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी गळतात. खाली कागदावर पडतात. मातीवर पडली असती तर दिसली नसती. कागदावर दिसतात. सूनबाई ती झाडून काढत नाही. मीही काढत नाही.

फुकट मजूर हे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. मी तिला मजुरी देऊ का? कशी द्यायची? तिच्या हातात दिली तर तिला काय वाटेल?

व्याही


५ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

मी नीट पोचलो. बोटांना अजून बोंडांची टोकं टोचताहेत. आयुष्यभर सुया हाताळल्या, पण तुमच्या कापसाने मला रक्त काढून दाखवलं.

हिला मी सगळं सांगितलं. तुमचं शेत पाहून मी म्हणालो, "व्याही, जमिनीला अस्तर लावलंत की!" तेव्हा तुम्ही हसला नाहीत, पण पोरगी हसली, आणि आपण दोघांनीही दुसरीकडे पाहिलं, हेही सांगितलं. माझ्या टोपलीत तिने डोकावून म्हटलं, "बाबा, तुम्ही कापूस वेचताय की दोरे उसवताय?" हेही सांगितलं. हिने तीनदा सांगायला लावलं. कशी म्हणाली, कोणत्या आवाजात म्हणाली.

कापसात कागदाची चिंधी येऊ नये म्हणून पोरगी प्रत्येक मूठ उलटून बघायची, हे मला आवडलं. ती चिंधी धाग्यात गेली की रंग धरत नाही. अख्ख्या निळ्या ताग्यात पांढरे ठिपके येतात आणि गिऱ्हाईक शिंप्याच्या नावाने खडे फोडतं.

एक लिहायचं टाळत होतो. हिने मला दारातच विचारलं, "तिला विचारलंत का?" मी चार दिवस तुमच्याकडे राहिलो. पोरीला मी चहाचं विचारलं, मशीनला तेल घालतेस का ते विचारलं, पायात चप्पल का नाही ते विचारलं. तेवढं सोडून सगळं विचारलं. तेव्हा तुम्हाला बोलायला मला आता तोंड नाही.

पण वेचणी तर संपत आली. आता तिला कधी पाठवता? मुख्य बाई वाट पाहताहेत.

तुमचा,
व्याही


१८ नोव्हेंबर

व्याही,

वेचणी झाली. शेवटचा कापूस गाडीत गेला. निम्म्या ओळी जाऊनसुद्धा पीक बरं आलं. पोराचं कागदाबद्दलचं म्हणणं खरं ठरलं. पंपवाला कडेला उभा राहून बघत होता, काही बोलला नाही, म्हणजे आवडलं.

पण काम संपलेलं नाही. कागद अजून शेतात आहे. तो लगेच काढायचा नसतो. हिवाळाभर तसाच ठेवला की खाली ओल राहते, पुढच्या पेरणीला उपयोगी पडते. उन्हाळा लागायच्या आधी काढतात. आणि ते एकट्याचं काम नाही, एकाने कड उकरायची, दुसऱ्याने गुंडाळत यायचं. मी सूनबाईला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाशी पाहू. मुख्य बाईंना माझा नमस्कार सांगा, त्यांना फार थांबावं लागतंय.

खिळा मारला. आता चौथी पायरी हलते.

तुमचा व्याही


९ जानेवारी

व्याहीबुवा,

मला शेतीतलं कळत नाही. कागद उन्हाळ्यापर्यंत ठेवायचा असतो हे मला माहीत नव्हतं. हिला मी समजावून सांगितलं की जमिनीला ओल धरायला लागते, बेतण्याआधी कापड भिजवून ठेवतो तसंच असेल. ती म्हणाली, व्याही म्हणतात तर असेल. फुकट मजुराचं ती जे बोलली होती, त्याचं तिला आता वाईट वाटतंय. तुम्ही मजुरी द्यायचं म्हणत होता ते मी तिला वाचून दाखवलं, तेव्हापासून. तिने तुमच्यासाठी मफलर विणलाय. पत्रासोबत पाठवतोय. एका टोकाला रुंद झालाय, ते टोक आत घाला.

दवाखान्यात मुख्य बाई म्हणतात, फेब्रुवारीच्या मध्यापुढे त्यांना थांबता येणार नाही. वरून विचारणा होते. तुमचं काम त्याआधी उरकलं तर पहा. नाही उरकलं तर काय करणार, जमीन आधी.

पोरीचा फोन आला होता. ठीक आहे म्हणाली. ठीक आहे शिवाय ती दुसरं काही म्हणत नाही.

तुमचा,
व्याही


२१ फेब्रुवारी

व्याही,

मफलर मिळाला. उबदार आहे. विहीणबाईंना सांगा. मी तो अजून घातलेला नाही.

तुम्ही येऊन सूनबाईला घेऊन जा. लगेच या.

घाबरू नका, तिची तब्येत चांगली आहे. काय झालं ते सांगतो.

मंगळवारी सकाळी मी उठलो तर ती घरात नव्हती. चहा झाकून ठेवलेला होता. बाहेर आलो तर ती शेतात, वाकलेली, बाजूला पोतं. मी गेलो. ती कागद काढत होती. पण तो निघत नव्हता. कड उकरून धरली की हातात वीतभर तुकडा येत होता, बाकीचा मातीतच. हिवाळाभर ऊन आणि थंडी खाऊन कागद कोरड्या पानासारखा झाला होता. दाबला की चुरा. पोरगा गेला त्याआधी अंथरलेला आणि आम्ही दोघांनी अंथरलेला, सगळा सारखाच.

मी म्हटलं, "अजून वेळ आहे. उन्हाळ्याच्या आधी काढू म्हटलं होतं ना."

ती वर न बघता म्हणाली, "ते सांगत होते, शेवटची वेचणी झाली की लगेच काढायचा. मग तो हातात येत नाही. आणि हे तुकडे जमिनीत राहिले की पुढच्या वेळी मूळ त्यांना अडतं, पाणी खाली उतरत नाही."

"मग नोव्हेंबरातच बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

व्याही, रोल आणला त्याच दिवशी पोराने मला शेतात उभं करून हे सांगितलं होतं. दुकानदारानेही सांगितलं होतं. मी म्हटलं, "ठाऊक होतं."

ती पुढची कड उकरायला लागली. मी तिच्या समोर बसलो आणि दुसऱ्या बाजूने उकरायला लागलो. थोड्या वेळाने मी विचारलं. तुम्ही जूनपासून लिहिताय तेच विचारलं. "तुला बाबांकडे जायचंय का?"

तिने हातातला तुकडा पोत्यात टाकला.

"हो," म्हणाली.

मग म्हणाली, "आधी हे काढू."

त्या दिवसापासून आम्ही काढतोय. पोती भरताहेत आणि शेतात फरक दिसत नाही. एक ढेकूळ फोडलं की आत पापुद्रे. वाऱ्याबरोबर काही कुंपणाला जाऊन अडकलेत, काही पंपवाल्याच्या शेतात गेलेत. तो येऊन बघून गेला. त्याला वाटतं म्हाताऱ्याला कळलं नाही. वाटू द्या.

तुम्ही विहीणबाईंना जे समजावलंत, कापड भिजवण्याचं वगैरे, ते खोटं होतं. माझं खोटं तुम्ही त्यांना खरं करून सांगितलंत. त्यांना आता काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

ती सगळा कागद निघाल्याशिवाय जायची नाही आणि सगळा कागद कधीच निघायचा नाही. म्हणून तुम्ही या. तुम्ही आलात की मी सांगेन की बास.

व्याही


२६ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

येत्या रविवारी सकाळच्या बसने येतो.

दवाखान्यातली जागा गेल्या आठवड्यात भरली. मुख्य बाईंनी स्वतः घरी येऊन सांगितलं, त्यांनाही वाईट वाटलं. तुम्हाला हे लिहू नये असं ही म्हणाली. मी लिहितोय. तुम्हाला लागावं म्हणून नव्हे. पोरीला तुमच्यासमोर कळलं आणि तुम्हाला माहीत नसलं, तर तुम्ही गडबडाल.

हिला मी खरं ते सांगितलं. ती मग म्हणाली, मफलर परत मागू नका.

व्याही


६ मार्च

व्याही,

तुम्ही दोघं पोचल्याचा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. पंपवाल्याने येऊन सांगितलं. बरं झालं. बस वेळेवर होती म्हणाला.

रविवारी तुम्ही उगाच घाई केलीत असं वाटत होतं, पण बरोबर केलंत. ती पोतं घेऊन निघाली होती. "आजचा दिवस तेवढा," म्हणत होती. मी बास म्हणायचं ठरवलं होतं आणि ऐन वेळी पुन्हा तोंडातून शब्द निघेना. तुम्ही तिच्या हातातून पोतं घेतलंत आणि "चल, उशीर होतोय" म्हणालात. मग मी म्हटलं, "जा." तिने ऐकलं का ते मला माहीत नाही. हळू म्हटलं.

जागेचं तिला कळलं तेव्हा ती "असू दे" म्हणाली. असू दे म्हणजे तिला लागलं आहे. दुसरी जागा निघेल तेव्हा मुख्य बाईंना सांगून ठेवा. हवं तर माझी चिठ्ठी देतो, की माझ्यामुळे उशीर झाला, पोरीमुळे नाही. सही करून देतो.

माझी काळजी करू नका. पंपवाल्याची बायको डबा देते. जेवण दोन वेळा होतं. शेत यंदा पडीक ठेवणार आहे. नांगरायला लोक म्हणतात, वर माती आली की कागद दिसायचा नाही. दिसायचा नाही, पण राहील. म्हणून नांगरत नाही. रोज सकाळी बसून वेचतो. किती उरलाय ते बघत नाही.

तुम्हाला काही गोष्टी सांगायच्या राहून गेल्या. बसपाशी सांगता आल्या नाहीत, ती शेजारी उभी होती.

ती सकाळी लवकर उठते आणि बसून राहते. तेव्हा विहीणबाईंनी तिच्याशी बोलायला जाऊ नये. चहा विचारूही नये, नको म्हणते. तिच्याजवळ ठेवून द्यावा. थोड्या वेळाने पिते.

तिला रिकामं बसू देऊ नका. पण काम करून घेतोय असंही दाखवू नका. तुमच्याकडे जुने कपडे उसवायचे असतील तर ते तिच्या आसपास पडलेले ठेवा, ती आपणहून घेते.

ट्रकचा आवाज आला की ती हातातलं काम थांबवते आणि मग पुन्हा सुरू करते. तुमच्याकडे रस्ता जवळ आहे, तेव्हा दिवसातून पुष्कळदा होईल. लक्षात आलं असं दाखवू नका.

त्याचा विषय तीच काढते. आपण काढायचा नाही. कामाच्या मधेच म्हणते, "ते असं म्हणायचे," आणि पुढचं सांगते. तेव्हा काय करत असाल ते करत राहा. थांबलात तर ती बोलायची थांबते.

आणि तिला काही विचारलंत आणि ती बोलली नाही, तर तिला ऐकू आलं नाही असं समजू नका. तिने ऐकलेलं असतं. दुसऱ्यांदा विचारू नका. ती सांगते.

व्याही